शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा कशासाठी? तुर्कूच्या बाजारचौकाची गोष्ट

फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तुर्कू हे त्या देशातलं सगळ्यात जुनं शहर आहे. लोकसंख्या सुमारे 2 लाख. 2018 मध्ये तिथला मुख्य बाजारचौक कुंपण घालून बंद केला गेला आणि मोठमोठी यंत्रं जमीन उकरू लागली. चौकाखाली भूमिगत वाहनतळ बांधायचा होता. त्याआधी कित्येक वर्षं नगरपरिषदेत, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात या एका विषयावर भांडणं चालली होती. डिसेंबर 2020 मध्ये वाहनतळ सुरू झाला. वरचा चौक नीट व्हायला त्यानंतरही बराच वेळ गेला.

लांबून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. गाड्या लावायला जागा हवी, चौक रिकामा आहे, खाली खणा आणि वर पुन्हा फरशी घाला. यात भांडण्यासारखं काय? ते कळायला हा चौक तिथे का आहे आणि एवढा मोठा का आहे, हे आधी समजून घ्यावं लागतं. त्याचं उत्तर जवळपास 200 वर्षांपूर्वीच्या एका रात्रीत आहे.

आधी मांडणी

इथे चौक म्हणजे रस्ते मिळतात तो नाका नव्हे. इमारतींनी चारही बाजूंनी वेढलेलं फरसबंद मैदान, जिथे बाजार भरतो, असा अर्थ घ्यायचा. फिनलंडच्या बहुतेक जुन्या शहरांत असा चौक आहे. तुर्कूच्या चौकाला स्थानिक लोक काउप्पातोरी म्हणतात.

शहरामधून आउरा नदी वाहते. नदीला समांतर जाणारे दोन रस्ते, युलिओपिस्तोनकातू आणि एरिकिनकातू, चौकाच्या दोन समोरासमोरच्या बाजू होतात. त्यांना काटकोनात छेदणारे आउराकातू आणि काउप्पियासकातू उरलेल्या दोन बाजू होतात. यातला आउराकातू नीट बघावा. त्याचं एक टोक नदीवरच्या पुलाला भिडतं, दुसरं पुओलालानमॅकी टेकडीवर चढत जातं. टेकडीच्या माथ्यावर, रस्त्याच्या अगदी समोर, 1904 साली उघडलेलं कलासंग्रहालय दिसतं. नदी, चौक आणि टेकडी एका सरळ रेषेत आहेत आणि ती रेषा मुद्दाम आखलेली आहे.

चौकाच्या युलिओपिस्तोनकातूच्या बाजूला घुमट आणि खांबांचं ऑर्थोडॉक्स चर्च आहे, 1845 मध्ये पूर्ण झालेलं. चौकाच्या कडेलाच 1839 चं स्वीडिश नाट्यगृह आहे आणि तिथे आजही प्रयोग होतात. एरिकिनकातू ओलांडलं की जवळच 1896 ची लाल विटांची बंदिस्त मंडई लागते. बाकी कडा मात्र विसाव्या शतकातल्या सपाट, चौकोनी इमारतींनी भरल्या आहेत. त्या तशा का, ते पुढे येईलच.

पूर्वी मध्य इथे नव्हता

मध्ययुगात तुर्कूचं हृदय नदीच्या पलीकडे, कॅथेड्रलच्या पायाशी होतं. तिथल्या वान्हा सूरतोरी या चौकात व्यापारी होते, नगरपालिका होती आणि बाल्टिक समुद्रापलीकडच्या जर्मन शहरांशी चालणारे सौदे होते. तो चौक आजही आहे. दर वर्षी 24 डिसेंबरला दुपारी 12 वाजता तिथल्या ब्रिंकाला वाड्याच्या सज्जातून नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते आणि सगळा देश ती दूरदर्शनवर बघतो. मान जुन्या चौकाकडेच राहिला. व्यवहार मात्र नदी ओलांडून नव्या चौकात आला.

हे स्थलांतर होण्याआधी शहराची उतरण सुरू झाली होती. 1809 मध्ये स्वीडनच्या हातून फिनलंड रशियाकडे गेला आणि झारच्या अधिपत्याखालचं स्वायत्त संस्थान बनला. तुर्कू त्याची राजधानी झाली, पण ती फार काळ टिकली नाही. झार पहिला अलेक्झांडर याला तुर्कू स्वीडनच्या फार जवळ आणि सेंट पीटर्सबर्गपासून फार दूर वाटत होतं. 1812 मध्ये त्यानं हेलसिंकीला राजधानी केलं. तुर्कूकडे उरलं देशातलं एकमेव विद्यापीठ. पुढच्या 16 वर्षांत तेही जाणार होतं.

4 सप्टेंबर 1827

त्या रात्री 9 च्या सुमाराला आनिनकाइस्तेनमॅकी टेकडीवरच्या एका घराला आग लागली. शहर जवळजवळ सगळं लाकडी. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, अंगणांत गोठे आणि गवताच्या गंजी, छपरांवर लाकडी फळ्या. वारा होता. शिवाय शहरातली बरीच माणसं त्या वेळी ताम्पेरेच्या जत्रेला गेलेली, त्यामुळे बादल्या भरायला हात कमी पडले.

ठिणग्या नदीवरून उडून दुसऱ्या काठावर गेल्या आणि कॅथेड्रलनं पेट घेतला. दुसऱ्या दिवशी आग विझली तेव्हा शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग राख झाला होता. 27 माणसं मेली. सुमारे 11,000 लोक बेघर झाले. त्याआधी किंवा नंतर नॉर्डिक देशांतल्या कुठल्याही शहरानं एवढी मोठी आग पाहिली नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुमारे 40,000 पुस्तकं होती. त्यांतली जेमतेम 800 वाचली, तीही वाचकांनी घरी नेलेली होती म्हणून. फिनलंडच्या इतिहासाची असंख्य कागदपत्रं या आगीत गेली आणि त्या देशाचा जुना काळ अभ्यासणाऱ्यांना ती पोकळी आजही जाणवते. मला या सगळ्या हकिकतीत सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. घरं पुन्हा उभी करता येतात. पण जगात एकच प्रत असलेला कागद जळाला तर तो कायमचा गेला. पुढच्या वर्षी विद्यापीठ हेलसिंकीला हलवलं गेलं.

एंगेलनं काय केलं

नव्या शहराचा आराखडा करण्याचं काम कार्ल लुडविग एंगेल या वास्तुकाराकडे आलं. बर्लिनमध्ये 1778 साली जन्मलेला हा माणूस तेव्हा फिनलंडच्या सरकारी बांधकामांचा प्रमुख होता. हेलसिंकीचा आजचा पांढरा, खांबांचा चेहरा त्यानंच घडवला. तुर्कू त्याला नवं नव्हतं, टेकडीवरची वेधशाळा त्यानंच आखली होती आणि ती आगीतून वाचली होती. डिसेंबर 1828 मध्ये झार पहिला निकोलस यानं त्याच्या आराखड्याला मंजुरी दिली.

हा आराखडा समजायला एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. सह्याद्रीत वणवा पसरू नये म्हणून वनखातं डोंगरावर गवत काढून मोकळे पट्टे आखतं, त्याला जाळरेषा म्हणतात. आग त्या पट्ट्यापर्यंत येते, पुढे जळायला काही मिळत नाही आणि ती तिथेच मरते. एंगेलनं अख्खं शहर जाळरेषांनी कापून काढलं. सगळ्यात मोठा कोरा पट्टा म्हणजे हा बाजारचौक.

वाकड्या गल्ल्यांच्या जागी त्यानं जाळीदार रचना आणली, म्हणजे एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ, रुंद रस्ते. भूखंड मोठे केले म्हणजे घरांत अंतर राहील. शेजारच्या दोन भूखंडांच्या सीमेवर पानझडी झाडं लावायची, कारण हिरव्या, रसाळ पानांचं झाड सहज पेटत नाही आणि उडत्या ठिणग्या अडवतं. घरं ठेंगणी ठेवली. उंच लाकडी घर पेटलं की ठिणग्या लांब जातात, ठेंगण्या घराची आग माणसांच्या आवाक्यात राहते.

चौकाला आणखीही कामं होती. आग लागली तर माणसांना सामानसुमान घेऊन पळायला जागा हवी, आणि ती ज्वाळांपासून दूर हवी. शेतकऱ्यांच्या घोडागाड्या उभ्या राहायला, वळायला जागा हवी. आणि साम्राज्याच्या दृष्टीनं शहराला एक दिमाखदार मध्य हवा. ऑर्थोडॉक्स चर्च चौकाच्या कडेला आलं ते याच कारणानं. लूथरपंथी शहराच्या नव्या मध्यावर रशियाच्या झारच्या धर्माचं देऊळ उभं राहिलं, तेही झारच्या आज्ञेनं आणि एंगेलच्याच आराखड्यानुसार. मांडणीतून सत्ता कशी बोलते ते तिथे उभं राहून सहज दिसतं.

अशी शहरं फिनलंडमध्ये एकदोन नाहीत. हेलसिंकी 1808 मध्ये जळलं, वासा आणि पोरी 1852 मध्ये. प्रत्येक आगीनंतर रस्ते आणखी सरळ आणि रुंद होत गेले. फिनलंडमध्ये नोकरीशिक्षणासाठी गेलेल्या मराठी मंडळींना तिथल्या छोट्या शहरांचे रस्ते गरजेपेक्षा मोठे वाटतात, त्यामागे मोटारगाड्यांच्या कितीतरी आधीचं हे कारण आहे.

"मग दगडी घरंच का बांधली नाहीत?"

ही शंका कुणालाही येईल. उत्तर पैशाचं आणि थंडीचं आहे. फिनलंडमध्ये जंगल अमाप, त्यामुळे लाकूड स्वस्त आणि ते रचणारे हात घरोघरी. दगडी बांधकाम महाग, त्याला कुशल कारागीर हवेत आणि वेळ हवा. 11,000 लोक उघड्यावर असताना आणि हिवाळा दाराशी असताना दगडाची वाट कोण बघणार? ओंडक्यांची जाड भिंत ऊब चांगली धरते, हेही आहेच. म्हणून घरं बहुतांशी लाकडाचीच राहिली आणि सुरक्षितता घरांमधल्या मोकळ्या जागेत शोधली गेली. जे साहित्य बदलणं परवडत नव्हतं, त्याच्यातलं अंतर बदललं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

मात्र त्याची किंमत होती. मोठे भूखंड म्हणजे तितक्याच लोकांना जास्त जमीन, आणि जमीन जास्त म्हणजे खर्च जास्त. गरिबांना आखीव शहर परवडेना. शहराच्या हद्दीबाहेर राउनिस्तुलासारख्या वस्त्या वाढल्या, जिथे कामगारांनी आपापल्या ऐपतीनं दाटीवाटीची घरं बांधली. सुरक्षित शहर सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही, हे एंगेलचं कौतुक करताना विसरता कामा नये.

"एवढं उघडं मैदान, तेही अशा थंडीत?"

हिवाळ्यात चौकावरून वारा सुटतो तेव्हा तिथे थांबावंसं वाटत नाही, हे खरं आहे. पण चौकाचं आयुष्य ऋतूंवर चालतं. जूनमध्ये पहिले नवे बटाटे येतात आणि मध्यग्रीष्माच्या सणाआधी त्यांच्यासाठी गर्दी होते. मग स्ट्रॉबेरी आणि कोवळ्या वाटाण्याच्या शेंगा. शेंगा लोक पिशवीतून काढून तिथल्या तिथे सोलून कच्च्याच खातात. उन्हाळा उतरणीला लागला की जंगलातली ब्लूबेरी आणि पिवळी शांतरेल अळंबी. उन्हाळ्याचे ते थोडे महिने अख्ख्या वर्षाचे असल्यासारखे वापरले जातात.

शिवाय शहराला एकत्र यायला जागा लागते, आनंदात आणि दुःखातही. 18 ऑगस्ट 2017 रोजी याच चौकात आणि आसपास एका हल्लेखोरानं चाकूनं वार केले. 2 महिलांचा जीव गेला, 8 जण जखमी झाले. त्यानंतर लोक मेणबत्त्या आणि फुलं घेऊन आले ते याच फरशीवर. शहरभर पसरलेलं दुःख एका ठिकाणी ठेवायला एवढी मोठी आणि सगळ्यांची अशी दुसरी जागा नव्हती.

आगीसाठी केलेली रुंदी गाड्यांना मिळाली

विसाव्या शतकात आगीची भीती ओसरली. नळ आले, अग्निशमन दल आलं, काँक्रीट आलं. एंगेलच्या रुंदीचं मूळ काम संपलं, पण रुंदी राहिली आणि ती मोटारींनी भरली. 1908 पासून धावणारी विजेवरची ट्राम 1972 मध्ये बंद झाली. बसगाड्यांचे थांबे चौकाभोवती जमले.

ठेंगण्या लाकडी घरांच्या जागी उंच इमारतीही याच काळात उभ्या राहिल्या. आग पसरायची भीती नाही म्हटल्यावर उंची धरून ठेवायला कारण उरलं नाही आणि मध्यवस्तीतली जमीन महाग झाली होती. 1950 ते 1970 च्या दशकांत तुर्कूमध्ये जुन्या इमारती इतक्या सपाट्यानं पाडल्या गेल्या की बिल्डर, राजकारणी आणि नगरपालिका यांच्या साटेलोट्याला फिनलंडभर "तुर्कूचा रोग" असं नाव पडलं. चौकाच्या कडेचं 1878 चं हॉटेल फिनिक्स 1959 मध्ये पाडलं गेलं. शहरातली जुनी माणसं अजूनही त्या हॉटेलाचा विषय निघाला की हळहळतात, आणि ती हळहळ रास्त आहे. चौकाची जमीन तीच राहिली, पण तिला आकार देणाऱ्या भिंती गेल्या. चौक जिवंत राहतो तो कडांमुळे. कडा बेढब झाल्या की मधल्या मोकळ्या जागेचा तोलही जातो.

चौकाखाली काय आहे?

आता पुन्हा 2018 कडे येऊ. हिमयुगात फिनलंडवर बर्फाचा प्रचंड थर होता. त्याच्या वजनानं दबलेली जमीन बर्फ वितळल्यावर हळूहळू वर येऊ लागली आणि आजही वर्षाला काही मिलिमीटर येते आहे. तुर्कूचा मध्य भाग कधीकाळी समुद्राचा तळ होता. त्या तळावर साचलेला मऊ चिकणमातीचा जाड थर आज शहराखाली आहे.

अशा मातीवर इमारत नुसती ठेवली तर खचते. म्हणून खाली टणक थरापर्यंत खांब ठोकून त्यांवर पाया घालतात. जुन्या इमारतींखालचे हे खांब लाकडी आहेत. पाण्यात बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा मिळत नाही. भूजलाची पातळी खाली गेली तर खांबांची टोकं उघडी पडतात, त्यांना हवा लागते आणि कुजायला सुरुवात होते. मोठा खड्डा खणला की आजूबाजूचं पाणी त्यात झिरपू शकतं, आणि मऊ माती खड्ड्याकडे सरकू शकते. चौकाशेजारी 1839 चं नाट्यगृह आणि 1845 चं चर्च असताना लोकांनी काळजी केली, ती उगाच नव्हती. असं काम करायचं तर खड्ड्याभोवती आधी घट्ट भिंत उभारावी लागते आणि शेजारच्या इमारती हलताहेत का यावर सतत नजर ठेवावी लागते.

मातीत आणखी एक गोष्ट होती, जुनं तुर्कू. एंगेलनं चौक आखला तेव्हा ती जागा कोरी नव्हती. आगीआधी तिथे घरं होती, अंगणं होती, रस्ते होते. बांधकामाआधी पुरातत्त्व संशोधकांनी उत्खनन केलं तेव्हा फरशीखालून ती वस्ती वर आली. वाहनतळामुळे हे अवशेष अभ्यासता आले आणि वाहनतळामुळेच ते जागचे हलले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

"मग वाहनतळ बांधायला नको होता का?"

बाजूनं बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. शेजारच्या राइसिओमध्ये 2001 साली म्युल्यू हा मॉल उघडला, 2009 मध्ये तुर्कूच्या कडेला स्कान्सी मॉल आला. दोन्हीकडे गाडी लावायला ऐसपैस जागा. मध्यवस्तीतलं गिऱ्हाईक तिकडे जाऊ लागलं. सुमारे 600 गाड्या चौकाखाली मावल्या तर लोक परत येतील, हा त्यांचा हिशेब होता. विरोधकांचं म्हणणं असं की गाड्यांना मध्यात बोलावलं तर मध्य आणखी गाड्यांचाच होईल, आणि काम चालेल तेवढी वर्षं ज्यांच्यासाठी चौक आहे त्या भाजीफळवाल्यांनी पोट कसं भरायचं? त्यांना तात्पुरत्या जागी हलावं लागलंच. सलग काही हंगाम आपली नेहमीची जागा नसणं म्हणजे काय, हे बाजारात बसणाऱ्याला विचारावं.

माझं मत विचाराल तर, खाली खणण्यात मूलतः पाप नाही. आखला गेल्यापासून हा चौक गरजेप्रमाणे बदलतच आला आहे. आक्षेप घ्यायचा तर त्या वादात वारंवार दिसलेल्या एका गृहीतकावर घ्यावा, की चौक रिकामा आहे आणि म्हणून उपलब्ध आहे. नकाशावर काही बांधलेलं दिसत नाही, पण ती मोकळीक मोठ्या किमतीला विकत घेतलेली आहे. त्यासाठी लोकांच्या जुन्या घरांच्या जागा गेल्या आणि गरीब हद्दीबाहेर गेले. तिच्यात काही घालायचं असेल तर आधी ती आज काय काम करते आहे ते तपासायला हवं, आणि ते काम चालू राहील याची हमी द्यायला हवी. नव्या रचनेत बाजाराला जागा परत मिळाली आणि कार्यक्रमांसाठी नवा मंडपही उभा राहिला. एवढ्या जपणुकीचं श्रेय वाद घालणाऱ्या नागरिकांनाही द्यायला हवं.

तिथे गेलात तर

चौक समजून घ्यायचा तर तो एकटा पाहू नका. आधी नदीवरच्या पुलावर उभे राहा आणि आउराकातूवरून टेकडीकडे बघत चालत या, म्हणजे एंगेलची सरळ रेषा कळेल. चौकात पोहोचल्यावर चर्चकडे तोंड करा आणि मग पाठीमागच्या इमारतींकडे वळा. "तुर्कूचा रोग" काय होता, ते वेगळं सांगावं लागणार नाही. पोटात भूक असेल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर ठेले आवरायला लागतात.

त्यानंतर नदी ओलांडून लुओस्तारिनमॅकी टेकडीवर जा. 1827 च्या आगीतून वाचलेली लाकडी घरांची ही वस्ती. एंगेलच्या आराखड्यात तिला जागा नव्हती, नव्या रस्त्यांसाठी ती पाडायची होती. ते काम लांबत गेलं, घरांत गरीब कारागीर राहत गेले आणि 1940 मध्ये तिथे हस्तव्यवसायांचं संग्रहालय उघडलं. घरं मूळ जागीच आहेत, दुसरीकडून आणून मांडलेली नाहीत. तिथल्या एखाद्या गल्लीत उभं राहून समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर बघा, आणि एका घराच्या छपरावरची ठिणगी दुसऱ्यावर पोहोचायला किती वारा पुरेल याचा अंदाज बांधा.